मेंदूज्वराच्या विषाणूचे वाण आणि आपला वराहपालक

धानपट्ट्यातील एका गावी ग्रामसभा भरली असता एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला असा प्रश्न केला की, "साहेब, डुकराच्या रक्तातल्या रोगाची कुळी शोधून आमच्या लेकराचा ताप उतरणार आहे का?" सभेत हशा पिकला. तथापि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सरकारी माणूस गावात येऊन जनावराच्या रक्ताचा नमुना मागतो, तेव्हा त्या नमुन्याचे पुढे काय होते व त्यापासून गावाचा लाभ काय, हे सांगण्याचे उत्तरदायित्व त्याच्यावरच असते. मी त्या दिवशी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची पुरवणी होय.

ज्या रोगाविषयी हे बोलणे चालले होते तो जपानी मेंदूज्वर होय. १९२४ साली जपानमध्ये या रोगाची मोठी साथ आली आणि १९३५ साली तेथेच एका मृत रुग्णाच्या मेंदूतून त्याचा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला. त्यावरून हे नाव रूढ झाले. ज्यांच्या शरीरात हा विषाणू शिरतो त्यांपैकी फार थोड्यांना, म्हणजे सुमारे अडीचशे जणांत एकाला, उघड आजार होतो. परंतु ज्याला होतो त्याची अवस्था बिकट होते. तीव्र ताप, झटके, ग्लानी अशी लक्षणे दिसतात. अशा रुग्णांपैकी शंभरात तीसपर्यंत दगावू शकतात, आणि जे वाचतात त्यांपैकी तीस ते पन्नास टक्के रुग्णांना पांगळेपणा, बुद्धिमांद्य, फेफरे यांसारखे व्यंग जन्मभर राहते. विषाणूला मारणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. रोग्याची शुश्रूषा करणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. बळी पडतात ती बहुधा खेड्यांतील मुले.

हा विषय आरोग्य खात्याचा असताना शेतीखात्याच्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या रोगाचे चक्र आपल्या शेतशिवारातच फिरत असते. बगळे, ढोकरी यांसारखे पाणथळीचे पक्षी हे विषाणूचे मूळ आश्रयस्थान. भातखाचरांत साचलेल्या पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास वाढतात आणि सायंकाळनंतर रक्ताच्या शोधात बाहेर पडतात. पक्ष्याला चावलेला डास डुकराला चावला, की विषाणू डुकराच्या रक्तात दोन ते चार दिवस इतका बेसुमार वाढतो की, त्या अवधीत त्याला चावणारे नवे डास रोगाचे वाहक बनतात. माणसाच्या रक्तात मात्र विषाणूचे प्रमाण अत्यल्प राहते, म्हणून माणसाकडून डासाला व डासाकडून दुसऱ्या माणसाला असा हा रोग पसरत नाही. घोड्याचेही तसेच आहे. गाई-म्हशींना हे डास आवडीने चावतात, परंतु त्यांच्या शरीरात विषाणू वाढत नाही. सारांश, पाणी, धान, पक्षी, डुक्कर आणि डास ही या साखळीची पाच कडी असून त्यांपैकी निदान तीन कड्यांशी शेतकऱ्याचा नित्याचा संबंध येतो.

आता "रोगाची कुळी" म्हणजे काय, ते पाहू. शेतात उभे असता भाताचे पीक परक्या माणसाला सगळे सारखेच दिसते. परंतु जाणता शेतकरी लोंबी हातात घेऊन हा जया, ही इंद्रायणी, असे तत्काळ सांगतो. विषाणूंचेही वाण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीही निरनिराळे दिसत नाहीत. ते त्यांच्या जनुकीय मजकुरावरूनच ओळखावे लागतात. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा हा मजकूर सुमारे ११ हजार अक्षरांचा असून त्यात चारच अक्षरे निरनिराळ्या क्रमाने पुनःपुन्हा येतात. विषाणू वाढतो म्हणजे या मजकुराच्या नकला होतात, आणि नकला होताना चुका होतात. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातील उतारे हाताने उतरवून काढले जात. एका प्रतीत एखादे अक्षर चुकले, की तिच्यावरून केलेल्या पुढील सर्व प्रतींत तीच चूक येई. आणि चुका ताडून पाहिल्या, की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरविली हे कळून येई. शास्त्रज्ञ विषाणूच्या बाबतीत नेमके हेच करतात. दोन ठिकाणच्या विषाणूंच्या अक्षरांची तुलना करून ते त्यांचे नाते ठरवितात व वंशवृक्ष मांडतात.

अशा अभ्यासातून या विषाणूचे पाच प्रमुख जनुकीय प्रकार ठरविण्यात आले आहेत. बराच काळ आशियात तिसऱ्या प्रकाराचे प्राबल्य होते. १९९० नंतरच्या काळात अनेक देशांत पहिल्या प्रकाराने त्याची जागा घेतली. वाण कळल्याने तीन गोष्टी साधतात. पहिली ही की, रोग कोठून आला याचा माग लागतो. तो गावाच्या परिसरातच वर्षानुवर्षे टिकून आहे, की पक्ष्यांबरोबर वा जनावरांच्या वाहतुकीतून नव्याने आला आहे, हे ठरविता येते. दुसरी ही की, सध्याच्या बहुतेक लसी तिसऱ्या प्रकाराच्या विषाणूपासून केलेल्या असल्यामुळे शिवारात फिरणारा वाण त्यांच्या आटोक्यातला आहे की नाही, यावर नजर ठेवता येते. तिसरी ही की, प्रयोगशाळेतील तपासणी विषाणूच्या ठराविक अक्षरांवर बेतलेली असते. ती अक्षरेच बदलली तर रोग असूनही तपासणी "नाही" म्हणेल. तेव्हा तपासणीची साधनेही वेळोवेळी वाणाबरहुकूम सुधारून घ्यावी लागतात.

या गोष्टी पुस्तकी वाटू नयेत म्हणून एक अलीकडचे उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर १९९५ साली हा रोग प्रथम आढळला होता. तो विषाणू दुसऱ्या प्रकारचा होता. पुढे २०२१ च्या आरंभी डार्विन शहराच्या उत्तरेकडील टिवी बेटांवरील एक व्यक्ती या रोगाने दगावली आणि तिच्या ठायी सापडलेला विषाणू चौथ्या, म्हणजे पूर्वी मुख्यत्वे इंडोनेशियात आढळलेल्या प्रकारचा निघाला. त्यानंतर वर्षभराने, २०२२ च्या फेब्रुवारीत, त्या देशाच्या पूर्व व दक्षिण भागांतील वराहपालकांच्या असे ध्यानात आले की, डुकरिणी गाभडत आहेत, काही वेतांत मेलेली व वाळून कोळ झालेली पिल्ले निघत आहेत, आणि जिवंत जन्मलेल्या काही पिल्लांना कंप सुटतो आहे. त्यांनी ही गोष्ट दडविली नाही. नमुने प्रयोगशाळेत गेले. जनुकीय मजकूर वाचला तेव्हा हा विषाणू १९९५ चा जुना पाहुणा नसून टिवी बेटांवरील विषाणूचा निकटचा आप्त आहे, असे दिसून आले. मार्च २०२२ मध्ये तेथील शासनाने ही राष्ट्रीय महत्त्वाची घटना म्हणून घोषित केली आणि वराहगृहांत काम करणाऱ्या लोकांना लस प्राधान्याने देण्यात आली. एकूण ८० हून अधिक वराहगृहांत हा रोग आढळला. ४५ माणसांना लागण होऊन त्यांपैकी ७ दगावली. हानी झाली यात संशय नाही. परंतु मेलेल्या पिल्लांनी जी सूचना दिली ती ऐकली गेली नसती, तर हानी याहून मोठी झाली असती, असे माझे मत आहे.

आपल्या देशाचा या रोगाशी संबंध याहून कितीतरी जुना व दुःखद आहे. १९५५ साली वेल्लोर येथे या रोगाचे रुग्ण प्रथम ओळखले गेले. १९७३ साली पश्चिम बंगालमधील बांकुरा व बर्दवान जिल्ह्यांत मोठी साथ आली. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात पाच हजारांहून अधिक रुग्ण होऊन तेराशेहून अधिक मृत्यू घडले. त्यानंतरच २००६ पासून बाधित जिल्ह्यांतील मुलांना लस देण्याची मोहीम सुरू झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २००९ सालच्या गोरखपूरकडील रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास केला असता, तोपर्यंत भारतात न आढळलेला पहिला प्रकार तेथे तिसऱ्या प्रकाराच्या जोडीने वावरत असल्याचे निष्पन्न झाले. कर्नाटकातील कोलार येथे मिळालेल्या विषाणूपासून याच संस्थेच्या साहाय्याने देशी लसही तयार झाली व २०१३ साली ती वापरात आली. महाराष्ट्रातही विदर्भाच्या धानपट्ट्यात या रोगाचे रुग्ण आढळले आहेत, आणि २०२२ च्या अखेरीस खुद्द पुणे शहरातील एका बालकास तो झाल्याचे निदान झाले. तेव्हा हा रोग परमुलखातला आहे, असे म्हणून स्वस्थ बसण्याची सोय आपल्याला नाही.

यावर काही मंडळी एक सोपा उपाय सुचवितात. डुकरे मारून टाका अथवा गावाबाहेर हाकलून द्या, म्हणजे रोगाचे मूळच नाहीसे होईल, असे त्यांचे म्हणणे. हा उपाय मला न्याय्य वाटत नाही, आणि उपयुक्त तर त्याहून वाटत नाही. डुकरे गेली तरी बगळे राहणार आहेत, खाचरे राहणार आहेत व डासही राहणार आहेत. हाकललेली डुकरे शेजारच्या गावात जातील, आणि आज जी डोळ्यांसमोर आहेत ती उद्या रानाआड ठेवली जातील. वराहपालन करणारी आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन व गरीब आहेत. मुलीचे लग्न, आजारपण, शाळेची फी अशा प्रसंगी दोन-चार डुकरे विकून ती आपली नड भागवितात. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे होती. त्यामागील गणनेपेक्षा ही संख्या बारा टक्क्यांनी कमी झालेली होती. एवढ्या कुटुंबांच्या उपजीविकेवर संशयाचा शिक्का मारून आपण फक्त एवढेच साधू की, मेलेल्या पिल्लांची वार्ता गावाबाहेर जाणार नाही. ज्याला शिक्षेचे भय आहे तो वर्दी देत नसतो.

खरे पाहता डुक्कर हे या बाबतीत पहाऱ्यावरच्या जागल्यासारखे आहे. डास त्याला माणसाच्या आधी व माणसापेक्षा अधिक चावतात. दरवर्षी नवी पिल्ले जन्मास येतात आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरली, की त्यांच्या रक्तात रोगाची खूण लवकर उमटते. जपानमध्ये १९६५ पासून दरवर्षी डुकरांचे रक्तजल तपासून त्या त्या भागातील धोक्याचा अंदाज घेतला जातो. आपल्याकडेही साधने नाहीत असे नाही. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने डुकरांतील नुकतीच झालेली लागण ओळखण्याचा चाचणी संच २०१९ साली उपलब्ध केला आहे. रक्तजलातील प्रतिद्रव्ये "चोर येऊन गेला" एवढे सांगतात. तो कोण व कोणत्या गावचा, हे सांगण्यास विषाणूचा जनुकीय मजकूरच हाती यावा लागतो. पण रक्तात विषाणू दोन-चार दिवसच असतो. घशातील गलग्रंथींत तो काही आठवडे टिकू शकतो आणि डुकराकडून डुकराकडे डासांवाचूनही जाऊ शकतो, असे स्वित्झर्लंडमधील प्रयोगांत दिसून आले असून ते निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तरीही एकंदरीत पाहता येथे वेळेलाच मोल आहे. आठवड्यापूर्वी पुरलेल्या पिल्लांचा मजकूर कोणतीही प्रयोगशाळा वाचू शकत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वराहपालकाने मला रस्त्यात थांबवून सांगितले होते की, त्याच्या दोन डुकरिणींची सगळी पिल्ले मेलेली निघाली. मी त्याला खुराकाविषयी चार शब्द सांगितले आणि पुढे गेलो. ती बातमी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावी, हे मला सुचले नाही. त्या पिल्लांना कोणता रोग होता, हे आता कधीच कळणार नाही. डुकरिणी गाभडण्याची इतरही कारणे आहेत. परंतु तो माणूस आपण होऊन सांगावयास आला होता आणि माझ्या कानाने ते ऐकले नाही, ही खंत मला आहे. त्यानंतर त्याने मला पुन्हा काही सांगितले नाही.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे. विषाणूच्या वाणाचा अभ्यास हा प्रयोगशाळा आणि वराहपालक यांच्यामधील व्यवहार समजला पाहिजे, आणि व्यवहार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. आजवर आपण नमुना घेतो, बाटलीवर आकडा टाकतो व निघून जातो. ज्याच्या जनावराचे रक्त घेतले त्याला निकाल क्वचितच कळतो. ही रीत बदलली पाहिजे. निकाल काहीही येवो, "रोग आढळला" अथवा "आढळला नाही", तो त्या कुटुंबाला त्याच्या भाषेत व त्याच्या दारी सांगितला जावा. निकाल आल्यावर गावातील मुलांच्या लसीकरणाची पाहणी तत्काळ व्हावी. म्हणजे नमुन्याचा उपयोग काय, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि ज्याने वर्दी दिली त्याचे नाव चावडीवर चघळले जाणार नाही, याची काळजी ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यात जपानी मेंदूज्वराचा समावेश आहे. अशा रोगाचा संशय आल्यास जनावराच्या मालकाने गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळवावे आणि त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकास लेखी कळवावे, अशी त्यात तरतूद आहे. डुकरीण गाभडली, पिल्ले मेलेली किंवा वाळलेली निघाली, अथवा जिवंत पिल्लांना कंप सुटला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला वर्दी द्यावी. मेलेली पिल्ले उघड्या हातांनी हाताळू नयेत व पशुवैद्यक येईपर्यंत ती पुरू नयेत. सावलीत, कुत्र्यांपासून राखून, शक्य तर बर्फावर ठेवावीत. नमुना पशुवैद्यकानेच घ्यावा आणि तो थंड राखून विनाविलंब पाठवावा. त्याच वेळी आशा कार्यकर्तीला कळवून गावात तापाने व झटक्यांनी आजारी असलेल्या मुलांचा शोध घ्यावा.

शेतकरी बंधुभगिनींना विनंती अशी की, जेथे पाण्याची सोय हाताशी आहे तेथे खाचरात सतत पाणी तुंबवून न ठेवता मधूनमधून ते सुकू द्यावे. डासांची पैदास घटते व पाणीही वाचते. वराहगृह वस्तीपासून व खाचरांपासून शक्य तितके दूर असावे, त्याभोवती डबकी साचू देऊ नयेत, आणि तिन्हीसांजेनंतर मुले तेथे खेळू नयेत. मच्छरदाणीचा वापर करावा. ज्या जिल्ह्यांत ही लस दिली जाते तेथे बालकाला ९ ते १२ महिन्यांच्या वयात पहिला व १६ ते २४ महिन्यांच्या वयात दुसरा डोस चुकविता कामा नये. माणसांच्या लसीकरणाने विषाणू शिवारातून जात नाही, कारण तो माणसांवर जगतच नाही. लस फक्त ज्याला टोचली त्याचेच रक्षण करते. शेजाऱ्याच्या मुलाने लस घेतली म्हणून आपले मूल सुरक्षित होत नाही. आणि नीट शिजविलेले डुकराचे मांस खाल्ल्याने हा रोग होत नाही, हेही सर्वांना सांगावे; नाहीतर भलत्याच भीतीने गरिबाचा बाजार बुडतो.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. बाबा, डुकराच्या रक्तातील विषाणूची कुळी शोधून तापलेल्या लेकराचा ताप उतरणार नाही, हे खरे आहे. परंतु तुमच्या शेजारच्या पाड्यावरील वराहपालकाने मेलेल्या पिल्लांची वार्ता वेळेवर दिली, आम्ही ती ऐकली, नमुना धडपणे पोचला आणि त्याचा निकाल परत गावात आला, तर पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या एखाद्या लेकराला तो ताप चढण्यापूर्वी आपण त्याच्या दारी लस घेऊन पोचलेले असू. यातील पहिले पाऊल त्या वराहपालकाचे आहे. दुसरे पाऊल आमचे, आणि ते आम्ही चुकवू लागलो तर ग्रामसभेत उभे राहून त्याचा जाब विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.